राखीचे अर्धे गाणे: सुट्टीत घरच्या मंडळींसह संगीत विनोदी परीकथापट कसा करावा

मे महिन्याच्या सुट्टीत सोसायटीतील दहा-बारा मुले, त्यांचे पालक आणि एखाद-दुसरे आजी-आजोबा मिळून वीस-पंचवीस मिनिटांचा संगीत विनोदी चित्रपट मोबाईलच्या कॅमेऱ्यावर करू शकतात. नाशिकमध्ये गेल्या काही सुट्ट्यांत आम्ही असे प्रयत्न केले. त्यांतला सर्वांत जमलेला चित्रपट सिंड्रेलाच्या गोष्टीवरचा होता, म्हणून पुढील विवेचन त्याच गोष्टीच्या आधाराने केले आहे. कुटुंबाने मिळून चित्रपट करणे या परिसराला नवीन नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांच्या 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये त्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला होता, 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कन्या मंदाकिनी कृष्ण झाली होती, आणि पडद्यामागे सरस्वतीबाई फिल्मवरील प्रक्रियेपासून साऱ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंतची कामे सांभाळत होत्या. स्वयंपाकाचा भाग आजही कमी लेखू नये. आमचे वेळापत्रक दोनदा कोलमडले ते कॅमेऱ्यामुळे नव्हे, तर साडेनऊलाच पोहे संपल्यामुळे.

मूळ गोष्ट आधी वाचावी

पहिले काम म्हणजे मुलांनी पडद्यावर पाहिलेली सिंड्रेला बाजूला ठेवून छापील गोष्ट वाचणे. शार्ल पेरो यांनी 1697 मध्ये फ्रेंचमध्ये लिहिलेल्या पाठात परी आहे, भोपळ्याची बग्गी आहे, सहा उंदरांचे सहा घोडे आणि सहा सरड्यांचे सहा सेवक आहेत, मध्यरात्रीची मुदत आहे आणि काचेचा बूट आहे. ग्रिम बंधूंच्या 1812 च्या जर्मन पाठात परीच नाही. आईच्या समाधीवर वाढलेले झाड आणि पाखरे मुलीला मदत करतात, बूट सोन्याचा आहे, आणि तो पायात बसावा म्हणून एक बहीण पायाचे बोट तर दुसरी टाच कापून घेते. सावत्र आई राखेत मसूर ओतते आणि ते दोन तासांत निवडण्याची अट घालते, तो प्रसंगही ग्रिम यांच्याकडचा. पेरो यांच्याकडे शेवटी नायिका बहिणींना क्षमा करून त्यांचीही लग्ने लावून देते. दोन्ही पाठ एका संध्याकाळी मोठ्याने वाचून घ्यावेत आणि कोणते प्रसंग ऐकताना मुले हसली, कोणते ऐकताना गप्प झाली, याची नोंद ठेवावी. हीच नोंद पुढे पटकथेचा सांगाडा होते.

हक्कांच्या दृष्टीने या जुन्या गोष्टी मोकळ्या आहेत. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी लेखनावरील स्वामित्वहक्क संपतो, आणि पेरो व ग्रिम यांना जाऊन त्याहून कितीतरी अधिक काळ लोटला आहे. मात्र नंतरच्या चित्रपटांनी जोडलेली पात्रांची नावे, वेशभूषा आणि गाणी ही त्या त्या निर्मात्यांची असतात. ती उचलू नयेत. लोकप्रिय चित्रपटगीताच्या चालीवर नवे शब्द बसवण्याचा मोह सर्वांनाच होतो, पण तसे केलेले गाणे इंटरनेटवर टाकताच अडचण उभी राहते. शिवाय प्रेक्षकाच्या मनात मूळ गाणेच वाजत राहते आणि आपले शब्द त्याला ऐकू येत नाहीत.

गोष्ट गावात आणणे

संगीत विनोदी पुनर्कथनात सर्वाधिक वेळ या टप्प्याला द्यावा, आणि तो बहुधा कोणी देत नाही. राजवाड्याच्या जागी बंगला आणि बग्गीच्या जागी रिक्षा ठेवली की गोष्ट नाशिकची झाली, असे समजले जाते. तसे होत नाही. मूळ गोष्टीतील प्रत्येक वस्तू तेथे काय काम करते हे आधी विचारावे, आणि तेच काम आपल्या गावात कोणती वस्तू आपसूक करते याचा शोध घ्यावा.

मुलांनी पहिल्याच बैठकीत विचारलेला प्रश्न असा होता: रात्रभर बरोबर नाचलेल्या मुलीचा चेहरा राजपुत्राला दुसऱ्या दिवशी ओळखू का येत नाही, बुटाची गरजच काय? प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर नाशिकच्या रंगपंचमीने दिले. आपल्याकडे रंग खेळला जातो तो रंगपंचमीला, आणि जुन्या गावात शनि चौक, तिवंधा अशा ठिकाणी पेशवेकाळापासूनच्या रहाडी त्या दिवशी उघडतात. वर्षभर झाकून ठेवलेल्या त्या हौदात धप्पा मारून वर आलेला माणूस सख्ख्या आईलाही ओळखू येत नाही. राजवाड्यातील नृत्याऐवजी रहाड घेतल्याबरोबर चेहरा न ओळखण्याचे कारण मिळाले, गर्दी मिळाली, नाशिक ढोल मिळाला, आणि वेशांतरासाठी खर्चही उरला नाही.

बुटाचा प्रश्नही तेथेच सुटला. रहाडीत उतरण्यापूर्वी सगळे चपला काढतात. नायिकेची एक चप्पल मागे राहिली, तर ती शेकडो चपलांच्या ढिगात राहणार. आमचा नायक तो ढीग पाहून कपाळाला हात लावतो, आणि चित्रपटातील सर्वांत मोठा हशा तेथे येतो, कारण काचेच्या बुटाची वाट पाहत बसलेल्या प्रेक्षकाला बूट मिळतो तो असा. ठाऊक असलेल्या गोष्टीतील विनोद याच जागी असतो: प्रेक्षकाची अपेक्षा पूर्ण करायची, पण त्याला अनपेक्षित अशा मापात.

मग ओळख पटवायची कशाने? येथे एक नियम आवर्जून पाळावा. चित्रपट संगीताचा असेल, तर गोष्टीची किल्ली गाण्यातच असली पाहिजे. आमच्या राखीने (चुलीच्या राखेवरून मुलांनी ठेवलेले हे नाव) रहाडीच्या काठावर एका गाण्याचा मुखडा म्हटला होता आणि अंतरा म्हणण्याआधीच तिला पळावे लागले. नायक आता गल्लोगल्ली तो मुखडा म्हणत फिरतो आणि जिला अंतरा येईल तिचा शोध घेतो. यामुळे बोट आणि टाच कापण्याचा भीषण प्रसंग गळतो आणि त्याच्या जागी सबंध पेठेने चुकीचे अंतरे म्हणण्याचा प्रसंग येतो: एक बाई आरतीची ओळ जोडते, एक आजोबा पोवाडा, एक मुलगा इंग्रजी शाळेतील प्रार्थना. ज्या पालकांना मुळीच गाता येत नाही, त्या सर्वांना भूमिका मिळाली ती याच प्रसंगात.

मध्यरात्रीच्या मुदतीचे काय करावे, यावर आमचे तीन दिवस गेले. घड्याळाचे बारा ठोके हा आपला अनुभव नव्हे. शेवटी एका दुसरीतल्या मुलीने सुचवले की नळाला पाणी येण्याच्या आत घरी पोहोचायचे. पाणी भरायला घरात कोणी नसेल तर काय प्रलय होतो, हे मराठी घरात समजावून सांगावे लागत नाही. आणि रिकामा नळ खाकरू लागल्याचा आवाज बारा ठोक्यांपेक्षा अधिक थरारक आहे, हे चित्रपट पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर दिसले.

परीच्या जागी आम्ही बोहारीण घेतली. जुने कपडे घेऊन नवी भांडी देणारी ही बाई रूपांतराचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहे. आम्ही तो उलटा केला, म्हणजे ती राखीकडची पोचे आलेली भांडी घेते आणि कपडे देते. जादूची कांडी फिरवून क्षणात काम संपते, घासाघीस मात्र दोन मिनिटे चालते, आणि त्या दोन मिनिटांत एक उत्तम सवाल-जवाब बसतो. भोपळा, ज्याला आमच्याकडच्या बाजारात डांगर म्हणतात, तो तर मराठी मुलांच्या आधीच परिचयाचा. म्हातारीला लेकीकडून सुखरूप परत आणणारा भोपळा त्यांना ठाऊक असतो. त्यामुळे आमचे डांगर बग्गी होण्यास साफ नकार देते आणि टुणूक टुणूक उड्या मारतच राखीला रहाडीपर्यंत नेते.

सावत्र आईबद्दल थोडे सांगितले पाहिजे. सोसायटीत पुनर्विवाह झालेली कुटुंबे असतात आणि त्यांची मुले याच चित्रपटात काम करत असतात; म्हणून आम्ही सावत्रपणा काढला आणि राखीला मामीच्या घरी ठेवले. पहिल्या वाचनाला हजर असलेल्या तीन माम्यांनी तीव्र हरकत घेतली. अखेर खानावळ चालवणारी, कोणाच्याच नात्यात न बसणारी अक्का ठरली, आणि तिला एक कारणही दिले: तिला रहाडीची भीती वाटते, म्हणून ती कोणालाच जाऊ देत नाही. कारण असलेला खलनायक हसवतो; कारण नसलेला फक्त ओरडतो. जाडी, रंग, तोतरेपणा किंवा बोलीचा हेल यांवर एकही विनोद ठेवू नये, कारण चित्रपट संपल्यावर ते नाव त्या मुलाला वर्षभर चिकटते. ग्रिम यांच्या पाठात बहिणी दिसायला सुंदरच आहेत, कुरूप आहे ते त्यांचे मन, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरते.

गाणी

चार गाणी पुरेत, आणि प्रत्येक गाणे पावणेदोन मिनिटांच्या आत संपावे. गाणे लिहिण्यापूर्वी एका वाक्यात लिहून काढावे की या गाण्याच्या आरंभी काय स्थिती होती आणि शेवटी ती कशी बदलली. वाक्य लिहिता येत नसेल तर ते गाणे काढून टाकावे, मग चाल कितीही गोड असो. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हापासून पात्राने बोलता बोलता गाऊ लागणे मराठी प्रेक्षकाला खटकत नाही, हा आपला मोठा फायदा आहे. तो नुसत्या नाचासाठी खर्च करू नये.

चालींसाठी दूर जाण्याचे कारण नाही. कामाच्या रगाड्याच्या गाण्यासाठी भोंडल्यातील कारल्याच्या वेलाच्या गाण्याचा आकृतिबंध पाहावा. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते आणि सासू वेल लावण्यापासून कारल्याची भाजी होईपर्यंत एकामागून एक अटी घालत जाते. राखेतील मसूर निवडायला लावणारी ग्रिम यांची सावत्र आई आणि ही सासू एकाच मुशीतल्या आहेत. प्रत्येक कडव्यात एक अट वाढते आणि ध्रुवपद तेच राहते, त्यामुळे लहान मुलांना ते दहा मिनिटांत पाठ होते. आम्ही शब्द नवे लिहिले, घाट तेवढा ठेवला. बोहारणीच्या घासाघिशीसाठी तमाशातील बतावणीची, म्हणजे विनोदी संवादांची, फेक उपयोगी पडते, आणि चपलांच्या ढिगासमोर नायकाने पोवाड्याच्या आवेशात विलाप करावा. मुख्य मुखडा मात्र अगदी साधा, केरव्याच्या आठ मात्रांत बसणारा आणि एका सप्तकाच्या आत राहणारा असावा, कारण तो सर्वांच्या तोंडी जायचा आहे.

पट्टीचा घोळ प्रत्येक घरगुती चित्रपटात होतो. वडील काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी ‘सा’ धरून, गातात आणि मुलगी काळी चारमध्ये. दोघांना एकाच पट्टीत ओढले की एकाचा आवाज बसतो आणि दुसरीचा फाटतो. काळी एकचा पंचम (प) हाच काळी चारचा षड्ज (सा) असतो, हे हार्मोनियमवर दाखवून द्यावे, आणि द्वंद्वगीतात वडिलांची ओळ पंचमावर संपेल अशी चाल बांधावी. मुलगी तोच सूर षड्ज म्हणून उचलते आणि पट्टी बदलल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

गाणी चित्रीकरणापूर्वीच ध्वनिमुद्रित करावीत. खोलीचा पंखा आणि फ्रिज बंद करून, भिंतींवर गोधड्या टांगून, मोबाईल तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला धरावा, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’चे फटके बसत नाहीत. गाणाऱ्याने तानपुरा आणि तबला हेडफोनवर ऐकावा, खोलीत फक्त त्याचा आवाज असावा. प्रत्येक गाण्याच्या आरंभी चार स्पष्ट ठोके मुद्रित करून ठेवावेत. चित्रीकरणाच्या वेळी गाणे स्पीकरवर लावून मुलांनी त्यावर नुसते ओठ न हलवता खरोखर गावे. गळ्याच्या शिरा हलल्या नाहीत तर नाटकीपणा लगेच कळतो. कॅमेऱ्याचा आवाज चालूच ठेवावा, कारण संकलनात दृश्य आणि गाणे जुळवताना तेच चार ठोके कामी येतात.

चित्रीकरण

मे महिन्यात नाशिकला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो. दहा ते चार या वेळेतील ऊन चेहऱ्यावर काळ्या सावल्या पाडते आणि मुलांना सोसतही नाही. सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाचनंतर, इतकेच काम करावे. पहाटेचे दृश्य सूर्यास्तानंतरच्या वीस मिनिटांत घ्यावे. आकाशात निळा उजेड शिल्लक असतो, घरातील दिवे पिवळे दिसतात, आणि मुलांना झोपेतून उठवावे लागत नाही.

रामकुंडावर चित्रीकरण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे लोक दशक्रियेसाठी आणि अस्थिविसर्जनासाठी आलेले असतात, त्यांच्यामागे विनोदी गाणे वाजवणे शोभत नाही. आणि कोणत्याही सार्वजनिक जागी परवानगीचा प्रश्न येतोच. जुन्या वाड्याचे अंगण मिळाले तर उत्तम, पण माडीचा जिना आणि कठडे आधी मोठ्या माणसाने चढून तपासावेत. द्राक्षबागेत दृश्य घेण्याची हौस असेल तर हंगाम ध्यानात घ्यावा: घड लगडलेली बाग साधारण जानेवारी ते मार्चमध्ये दिसते, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर मे महिन्यात नुसत्या कोवळ्या फुटी असतात. आमच्या पटकथेत द्राक्षांच्या मांडवाखालचे एक दृश्य होते आणि आम्ही उभे राहिलो ते काड्यांच्या मांडवाखाली. ते दृश्य आम्ही शेवटी केळीच्या पानांआड उरकले.

रहाड प्रत्यक्ष भरू नये. मे महिन्यात हौदभर पाणी वाया घालवणे योग्य नाही, आणि लहान मुलांना खोल पाण्याजवळ उभे करणे तर मुळीच नाही. गच्चीवरील टाकीच्या कठड्याआडून एकेका मुलाने वर उसळावे, खालून दोन मग पाणी उडवावे, आणि कॅमेरा कठड्याच्या पातळीवर ठेवावा. ढोलाचा आवाज आणि लोकांचा कल्लोळ जोडल्यावर हौद दिसतोच. रंगासाठी हळद, बीट आणि पळसाची साठवलेली फुले पुरतात. मात्र रंग लागलेली दृश्ये वेळापत्रकात सर्वांत शेवटी ठेवावीत. आम्ही ती दुसऱ्या दिवशी घेतली आणि उरलेले चार दिवस आमची गरीब, राख माखलेली नायिका कानामागून गुलाबी दिसत होती.

जादूसाठी संगणकाची गरज नाही. कॅमेरा तिवईवर घट्ट बसवून चित्रण सुरू करावे, सर्वांनी जागच्या जागी थिजावे, चित्रण थांबवून एक वस्तू बदलावी आणि पुन्हा सुरू करावे. फाळक्यांच्या काळापासून चालत आलेली ही युक्ती डांगराला डोळे फुटण्यासाठी आजही पुरते. फाळक्यांनी चित्रपट काढण्यापूर्वी कुंडीतील वाटाण्याची वाढ एकेक चित्र घेत टिपली होती. कामाच्या गाण्यातील वेलासाठी आम्ही तेच केले. बंद खोलीत एकच दिवा अखंड चालू ठेवून, जुना मोबाईल चार्जरला लावून, दर दहा मिनिटांनी एक याप्रमाणे दहा दिवस छायाचित्रे घेतली तर 1440 चित्रे होतात आणि सेकंदाला 25 या वेगाने ती 58 सेकंदांत संपतात. अट एकच: घरातील कोणीही सवयीने तो दिवा बंद करता कामा नये. मोबाईलमध्येही सेकंदाला 25 चित्रे हाच वेग निवडावा आणि शटर (प्रत्येक चित्रावर उजेड पडू देण्याचा वेळ) 1/50 सेकंद ठेवावे, कारण आपली वीज 50 हर्ट्‌झची असल्याने इतर वेगांवर घरातील एलईडी दिवे पडद्यावर लुकलुकतात.

संवादांसाठी दुसरा मोबाईल पात्रांजवळ लपवून त्यावर आवाज घ्यावा. पोकळ डांगर त्यासाठी आदर्श आहे, पण आत मोबाईल ठेवण्यापूर्वी ते आतून पुसून कोरडे करावे. हे मी अनुभवाने सांगतो.

संकलन आणि पहिला खेळ

संकलन एकाच व्यक्तीने करावे आणि तिने ते पालकांना दाखवू नये, एवढाच माझा सल्ला आहे, अन्यथा प्रत्येकाला आपल्या मुलाचे आणखी दोन सेकंद हवे असतात. आधी गाणी जुळवावीत, मग त्यांच्या मधले संवाद निर्दयपणे कमी करावेत. एखाद्या विनोदाला तिसऱ्यांदा पाहताना हसू आले नाही तरी तो काढू नये. तो पहिल्यांदा पाहणाऱ्यासाठी आहे.

खेळ गच्चीवर, अंधार पूर्ण पडल्यावर, म्हणजे पावणेआठनंतर ठेवावा. पडद्यासाठी पांढरी चादर चालते, पण ती चारही कोपऱ्यांनी ताणून बांधावी, कारण संध्याकाळी वारा सुटतो. सतरंज्या पुढे, खुर्च्या मागे, आणि स्पीकर प्रेक्षकांच्या मागे न ठेवता पडद्याच्या दोन्ही बाजूंना ठेवावेत. शेवटच्या प्रसंगात नायक राखीच्या दारात येऊन मुखडा म्हणतो, तेथे अंतरा सुरू होण्यापूर्वी फक्त तबल्याचे एक आवर्तन मोकळे सोडावे. मिनिटाला शंभर मात्रांच्या लयीत ते जेमतेम पाच सेकंदांचे होते. तोवर पुढच्या सतरंजीवरील मुलांना मुखडा पाठ झालेला असतो, आणि त्या पाच सेकंदांत राखीच्या आधी ती मुलेच गाऊ लागतात.